ग्रंथांसाठी बांधलेले घर

आमच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि तसबिरीखालच्या फळीवर आबांची पुस्तके आहेत. आबा म्हणजे माझे आजोबा. उभे आयुष्य त्यांनी मार्केट यार्डात पोती वाहिली. ऐन चाळिशीत ते साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकले. पण वाचायला सवड मिळाली ती साठीनंतर, पाठीवरचे ओझे उतरल्यावर. दरवर्षी ६ डिसेंबरला ते दादरला चैत्यभूमीवर जातात आणि येताना शिवाजी पार्कच्या मैदानावर मांडलेल्या पुस्तकांतून दोन-तीन पुस्तिका घेऊन येतात. त्या पुस्तिका ते वर्षभर पुरवून पुरवून वाचतात. बोट ओळीवर, ओठ हलताहेत, आणि मध्येच थांबून समोरच्या भिंतीकडे बघणे, असे त्यांचे वाचन. लहानपणी मला त्याचे हसू येई.

मी मात्र पुस्तकांपासून दूरच होतो. घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा म्हणून सगळ्यांना माझे कौतुक. पण खरे सांगायचे तर प्रथम वर्षाला मी गाईडांपलीकडे काहीही वाचले नव्हते. ग्रंथालयाचे कार्ड वर्षभर कोरेच राहिले. निकाल लागला तेव्हा इंग्रजीचा पेपर राहिलेला होता. त्याच सुमारास एका गोदामात माल मोजून लिहून घेण्याचे काम चालून आले. महिन्याचा पगार ठरलेला. वडिलांना मी कॉलेज सोडतो असे सांगूनही टाकले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणेच जास्त लागले.

त्या पंधरवड्यात आबांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. नवा चष्मा मिळेपर्यंत डोळ्यांना ताण द्यायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले. आबांना ऑपरेशनची भीती वाटली नव्हती, पण वाचन बंद म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी माझ्यावर एक काम सोपवले. मी कॉलेजात आहे तोवर तिथल्या ग्रंथालयातून बाबासाहेबांचे एखादे जाडजूड चरित्र आणावे आणि रोज रात्री त्यांना वाचून दाखवावे. नाही म्हणणे शक्य नव्हते. कोऱ्या कार्डावर पहिली नोंद झाली ती धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्राची. ते मी आबांसाठी नेले होते. त्यातून माझ्या हाती काय लागले, ते या लेखात सांगणार आहे.

मित्रहो, बाबासाहेबांचे जीवन आपणा सर्वांना ठाऊक आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्म, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, महाडचा सत्याग्रह, पुणे करार, संविधान, नागपूरची धम्मदीक्षा. जयंतीच्या भाषणांतून हे टप्पे आपण ऐकत आलो आहोत. पण आबांना वाचून दाखवताना मला या सगळ्यांच्या खालून वाहणारी आणखी एक गोष्ट दिसू लागली. ती म्हणजे बाबासाहेब आणि त्यांची पुस्तके यांची.

या गोष्टीची सुरुवात वडिलांपासून होते. रामजी सुभेदार हे लष्करातले, कबीरपंथी, आणि शिक्षणाची किंमत जाणणारे गृहस्थ. कुटुंब मुंबईला आल्यावर परळच्या चाळीतील एका लहानशा खोलीत सगळा संसार. अभ्यासाला जागा कुठली? मुलाने लवकर झोपावे, मग रात्री दोन वाजता रामजींनी त्याला उठवावे आणि सगळे घर झोपलेले असताना त्याने दिव्याच्या उजेडात वाचावे, असा क्रम असे. मुलाला नव्या पुस्तकांचा हव्यास होता आणि बापाच्या हातात पैसा नव्हता. अशा वेळी रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, एखादीचा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन आल्यावर दागिना सोडवून परत देत.

हा भाग वाचून झाला तेव्हा आबांनी मला थांबवले आणि तो पुन्हा वाचायला सांगितला. दुसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज जड झाला. माझ्या प्रवेशाची फी भरायच्या वेळी आईच्या कानातले दोन दिवस दिसत नव्हते, हे मला तेव्हा आठवले. मी त्याबद्दल कधी विचारले नव्हते.

शाळेत या मुलाला इतर मुलांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेले पाणी प्यायचे. शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा होती, पण जातीमुळे ते शिकता आले नाही आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. एक भाषा दारातूनच परत पाठवली गेली. पण ज्या मुलाला माणसे जवळ बसू देत नव्हती, त्याला पुस्तकाने कधी दूर बसवले नाही. छापलेले पान कोणाच्या हातात आहे हे बघून आपले अक्षर मागे घेत नाही. त्याच्या वाचनवेडाचे मूळ मला इथेच दिसते.

चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचत बसलेला असे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला हेरले. केळुसकर गुरुजी हे शिक्षक आणि लेखक. पुढे त्याच्या सत्काराची सभा भरवायचे ठरले. त्या काळी त्या समाजातल्या मुलाने इतके शिकणे ही मोठी बातमी होती. रामजींना मात्र ते पसंत नव्हते. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल असे त्यांना वाटे. केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, सभा झाली आणि त्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले ते पुस्तक होते. रामजींच्या घरी मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करून घेतले जाई आणि त्यातल्या गोष्टींवर हा मुलगा वडिलांना अवघड प्रश्न विचारी. बुद्धचरित्र वाचल्यावर तुलना करायला त्याच्यापाशी आणखी एक माप आले. हे पुस्तक आपण ध्यानात ठेवू, कारण या गोष्टीच्या शेवटी ते पुन्हा भेटणार आहे.

पुढचा प्रवास सर्वांना माहीत आहे. १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. परदेशी गेलेल्या तरुणाला शहर खुणावते. याला खुणावली ती जुन्या पुस्तकांची दुकाने. पोटाला चिमटा काढून त्याने तिथे सुमारे दोन हजार जुने ग्रंथ जमवले. परतताना ते एका ओळखीच्या माणसाच्या हवाली केले. त्यांतले सगळे काही घरी पोचले नाहीत. १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणतीराने बुडवली गेली आणि तिच्याबरोबर त्यांचे सामान आणि ग्रंथही समुद्राच्या तळाशी गेले.

पुस्तके बुडाली, तरी वाचन बुडाले नाही. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडायच्या वेळी हजर आणि बंद होताना बाहेर, हा नेम. खाण्यापिण्याची ओढाताणच होती. रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचत बसायचे. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध डी. एस्सी. पदवीसाठी मान्य झाला आणि ग्रंथरूपाने छापलाही गेला.

इथपर्यंत आले की चरित्रकार साहजिकच चळवळींकडे वळतात. १९२० चे 'मूकनायक', १९२७ चे चवदार तळे, १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा. परंतु माझे मन अडकले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. १९३० नंतरच्या त्या धामधुमीच्या वर्षांत बाबासाहेबांनी तिथे एक घर बांधले. माणूस घर बांधतो ते बायकामुलांसाठी. या माणसाने घर बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. चाळीच्या खोल्यांत ग्रंथ मावेनासे झाले होते. घराचा वरचा मजला ग्रंथालयाला आणि अभ्यासाला दिला गेला. घराला नाव दिले राजगृह. मगधाची प्राचीन राजधानी, बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेली. हिंदू कॉलनीतच त्यांची चारमिनार नावाची आणखी एक इमारत होती; पुस्तकांच्या खरेदीपायी ती त्यांनी विकून टाकली. राजगृहातल्या ग्रंथांची संख्या पुढे पन्नास हजारांच्या घरात गेली असे सांगतात.

मी हे वाचत असताना आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले की पन्नास हजार पुस्तके म्हणजे किती पोती भरतील. मी हिशेब करू लागलो. पण त्यांनी स्वतःच हात हलवून तो विषय सोडून दिला. ज्याने आयुष्यभर धान्याची पोती मोजली त्याला दुसरे माप कुठून सुचणार? मला मात्र तो प्रश्न आता विसरता येत नाही.

राजगृह म्हणजे सुखाचेच घर होते असे नाही. पाच अपत्यांपैकी चार बाबासाहेबांनी आधीच गमावली होती. एकटे यशवंतराव राहिले होते. नव्या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते तोच २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. नवरा विलायतेत शिकत असताना जिने शेणी थापून संसार रेटला, तिला हे घर फार काळ लाभले नाही. वाचणाऱ्या माणसाच्या वाचनाची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणीतरी मोजत असते. रामजींच्या मुलींच्या दागिन्यांनी ती मोजली, रमाबाईंच्या कष्टांनी ती मोजली. याचा हिशेब चरित्रात वेगळा मांडलेला नसतो. आपण तो मांडायचा असतो.

आता उत्तरायुष्याकडे येतो, कारण मला खरे सांगायचे आहे ते इथेच. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. या कामात प्रकृती ढासळली. मधुमेह जडला होता, पाय दुखत, रात्रीची झोप गेली होती. १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ते दिल्लीतच अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात राहू लागले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. साठी उलटलेली, सत्ता गेलेली, निवडणूक हरलेली, चालताना आधार लागतो आहे. सर्वसामान्य माणूस अशा वेळी काय करील? आरामखुर्चीत बसून जुन्या गोष्टी उगाळील.

बाबासाहेबांनी वाचन वाढवले. शाळकरी वयात संस्कृताचे दार बंद झालेला हा माणूस पुढे स्वतःच्या बळावर संस्कृत शिकला होताच. आता उतारवयात तो पाली भाषेत इतका रमला की तिचा शब्दकोश आणि व्याकरण तयार करायला बसला. पाली शब्दासमोर इंग्रजी, मराठी, गुजराती, हिंदी अर्थ लिहायचे. या कोशासाठी कोणती परीक्षा वाट पाहत नव्हती की कोणती पदवी. हा कोश त्यांच्या हयातीत छापलाही गेला नाही; पुढे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या खंडांत तो आला. व्हायोलिन शिकायलाही त्यांनी अशीच उशिरा सुरुवात केली. म्हातारपणी नवीन अक्षर गिरवण्यात काय सुख असते हे मला कोणी सांगितले असते तर पटले नसते. पण मी ते घरी बघत होतो. माझ्या समोर बसलेल्या माणसाने चाळिशीत पहिला 'ग' काढला होता.

आणि मग ते जुने पुस्तक परत येते. शेवटची काही वर्षे बाबासाहेब जो ग्रंथ लिहीत होते तो बुद्धाच्या जीवनाचा आणि धम्माचा होता. दृष्टी मंद झालेली, तरी आजूबाजूला ग्रंथांचे ढीग. लिहायचे, खोडायचे, नानकचंद रत्तू यांनी टंकलिखित करायचे, असे चालले होते. या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना केळुसकर गुरुजींनी दिलेल्या त्या पुस्तकाची आठवण लिहून ठेवली. भर सभेत एका पोराच्या हाती दिलेले ते पुस्तक, पन्नास वर्षे होत आली तरी त्यांच्या मनात मिटले नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह त्यांनी धम्मदीक्षा घेतली, तिची एक वाट चर्नी रोडच्या बागेतून गेली होती.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. प्रकृती बरी नव्हती. भेटायला आलेली मंडळी निघून गेली. रत्तू पाय चेपून देत होते. बाबासाहेब बुद्धवंदना गुणगुणत होते, नंतर कबीराचे पदही त्यांच्या ओठी आले. कपाटातली काही पुस्तके त्यांनी जवळ आणवून घेतली आणि त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद हात फिरवण्यासाठी टेबलावर मागून घेतले. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच त्यांचे निधन झाले. पार्थिव मुंबईला आणले ते राजगृहात, त्यांच्या ग्रंथांच्या घरी. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५७ साली, १९४६ मध्ये त्यांनीच सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयातर्फे.

हे प्रकरण मी आबांना वाचून दाखवू शकलो नाही. तिथवर येईपर्यंत त्यांचा नवा चष्मा आला होता. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतले आणि पुन्हा पहिल्या पानापासून स्वतः वाचायला घेतले. रोज चार पाने. ग्रंथालयाची मुदत संपली, मी दंड भरला. दुसऱ्यांदा संपली, तेव्हा ग्रंथपालांनी चौकशी केली. मी संकोचत खरे कारण सांगितले. त्यांनी दंड घेतला नाही आणि पुस्तकावर नवी तारीख घालून दिली.

गोदामातले काम मी धरले नाही. त्यात फार मोठा निर्धार होता असे मी म्हणणार नाही. आबांचे पुस्तक संपेपर्यंत कार्ड चालू राहायला हवे, एवढेच आधी मनात होते. कार्ड चालू ठेवायचे तर नाव पटावर हवे. नाव पटावर म्हणजे वर्ग आले, आणि वर्ग आले की राहिलेला पेपर आला. ऑक्टोबरात बसून तो पेपर मी सोडवला. आता रात्री आबा भिंतीच्या एका बाजूला वाचतात आणि मी दुसऱ्या बाजूला. दिवा एकच आहे. आम्ही बोलत नाही. ही शांतता मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती. वडील बाहेरून येतात, आम्हा दोघांकडे बघतात आणि आवाज न करता चपला काढतात.

मला पूर्वी वाटे की पुस्तक हे पेपरपुरते असते. पेपर झाला की ते विकून टाकायचे. बाबासाहेबांचे चरित्र वाचून कळले की परीक्षा संपल्यावर जो वाचत राहतो तो खरा वाचक. तरुणपणी त्यांनी पदव्यांसाठी वाचले, मध्यवयात समाजासाठी वाचले आणि शेवटी, शरीर साथ सोडत असताना, मनाच्या शोधासाठी वाचले. समाजासाठी वाचणे त्यांनी तेव्हाही सोडले नव्हते. पण त्या वाचनात आता एक निवांतपणा असला पाहिजे, असे मला वाटते. नाहीतर आयुष्याच्या अखेरच्या रात्री कोणी पुस्तके जवळ आणवून घेत नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण माझ्यासारखे आहेत. घरात पुस्तकाला हात लावणारी पहिली पिढी. पदवी मिळाली की आपण नोकऱ्यांच्या मागे लागू, आणि ते लागलेच पाहिजे. माझी एवढीच विनंती आहे की ग्रंथालयाचे कार्ड कोरे ठेवू नका. आणि घरी कोणी म्हातारे माणूस असेल तर एखादे पुस्तक त्यांच्यासाठीही न्या.

परवा आबा त्या शेवटच्या प्रकरणाशी येऊन पोचले. तिथे त्यांनी आगपेटीतली एक काडी खुणेला घातली आणि पुस्तक मिटून ठेवले. पुढे काय झाले ते त्यांना माहीत आहे; दरवर्षी ६ डिसेंबरला ते त्याच वाटेने चालत जातात. ते पान त्यांना इतक्यात वाचायचे नाही. त्यांनी मला आता बाबासाहेबांनी शेवटी लिहिलेला तो बुद्धाचा ग्रंथ मराठीत आणायला सांगितले आहे. कार्डावर जागा आहे. उद्या ग्रंथालय उघडले की मी दारात असेन.

— द्वितीय वर्ष, कला शाखा